मिशिगनमध्ये प्रिसिंक्ट डेलिगेट व्हायचं असेल तर

अमेरिकेत पक्षाचे उमेदवार प्रायमरीत सामान्य मतदार ठरवतात, हे साधारण सगळ्यांना ठाऊक असतं. मिशिगनमध्ये ते अर्धंच खरं आहे. गव्हर्नर, अमेरिकी काँग्रेसचे सदस्य, राज्य विधिमंडळाचे सदस्य यांची तिकिटं ऑगस्टच्या प्रायमरीत ठरतात. पण राज्याचा ॲटर्नी जनरल (सरकारचा मुख्य वकील) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (निवडणुका आणि ड्रायव्हिंग लायसन्सचं खातं पाहणारा) या दोन मोठ्या पदांचे उमेदवार ठरतात पक्षाच्या राज्य अधिवेशनात. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचंही तसंच. मतपत्रिकेवर न्यायमूर्तींची नावं बिगरपक्षीय भागात छापली जातात, तरी ती पुढे येतात पक्षांच्या अधिवेशनांतून. शिवाय राज्य शिक्षण मंडळ आणि युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगन, मिशिगन स्टेट व वेन स्टेट या तीन विद्यापीठांची नियामक मंडळं आहेतच. प्रत्येक मंडळावर ८ सदस्य, मुदत ८ वर्षांची, आणि दर सम वर्षी प्रत्येकी २ जागांचे उमेदवार अधिवेशनच निवडतं. मुलांच्या फीवाढीवर शिक्कामोर्तब करणारी माणसं या वाटेने येतात.

बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये ते डेट्रॉइटच्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. दोन्ही वेळा तिकिटाचा फैसला थेट मतदारांनी केला. त्यांना सेक्रेटरी ऑफ स्टेट व्हायचं असतं, तर मात्र सभागृहात बसलेल्या पक्षाच्या माणसांची मनं वळवावी लागली असती. त्या सभागृहापर्यंत जाणाऱ्या वाटेची पहिली पायरी म्हणजे प्रिसिंक्ट डेलिगेट, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या हद्दीतून पक्षाच्या काउंटी अधिवेशनावर निवडून गेलेला प्रतिनिधी. मुदत २ वर्षांची, पगार शून्य. आणि दर खेपेला कित्येक जागांवर कोणी अर्जच भरत नाही.

खालची माहिती ओकलंड आणि वेन काउंटीत राहणाऱ्यांना नजरेसमोर ठेवून लिहिली आहे. ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन या भागांत मराठी घरं भरपूर आहेत. राज्याचा कायदा बाकीच्या काउंट्यांनाही हाच लागू आहे.

आधी नागरिकत्वाचं पाहा

प्रिसिंक्ट डेलिगेटला अमेरिकन नागरिक, मिशिगनचा नोंदणीकृत मतदार आणि त्याच प्रिसिंक्टचा रहिवासी असावं लागतं. ग्रीन कार्डावर हे पद नाही, एच-वनवर तर नाहीच. इथे एक गोष्ट फार जपून करायची. मिशिगनमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सच्या कामाबरोबरच मतदार नोंदणी होते. नागरिक नसलेल्या माणसाने तिथे नकळत चुकीच्या ठिकाणी सही केली किंवा नागरिकत्वाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, तर पुढे इमिग्रेशनमध्ये ते अंगाशी येतं; देशाबाहेर काढण्यापर्यंत मजल जाऊ शकते. काउंटरवर काय विचारताहेत ते पूर्ण समजून घेतल्याशिवाय सही करू नका. घरी आई-वडील ग्रीन कार्डावर असतील, तर त्यांच्याबरोबर जा.

नागरिक नसलेल्यांनाही काम आहेच. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं कोणालाही चालतं. ग्रीन कार्डधारक देणगीही देऊ शकतात. व्हिसावरच्या माणसाने देणगी द्यायची नाही, मग ती ५ डॉलरची का असेना.

पक्षाच्या सभासदत्वाचा पुरावा लागतो का, असं बरेच जण विचारतात. मिशिगनच्या मतदार नोंदणीत पक्षाचा रकानाच नाही. अर्जावर तुम्ही ज्या पक्षाचं नाव लिहाल, त्या पक्षाचे तुम्ही उमेदवार.

फॉर्म एकच, पण नीट भरायचा

या पदासाठी फी नाही. मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागत नाहीत. निवडणूक खर्चाच्या कायद्यात हे पद धरलेलं नाही, त्यामुळे समिती स्थापन करणं, हिशेब सादर करणं ही कटकटही नाही. लागतं ते फक्त ‘ॲफिडेव्हिट ऑफ आयडेंटिटी’ नावाचं प्रतिज्ञापत्र.

ते भरण्याआधी ‘मिशिगन व्होटर इन्फर्मेशन सेंटर’ या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर आपलं नाव शोधा आणि प्रिसिंक्टचा क्रमांक तिथून घ्या. जुन्या मतदार कार्डावरून किंवा शेजाऱ्याला विचारून घेऊ नका. शहरं अधूनमधून प्रिसिंक्टच्या हद्दी बदलतात, आणि रस्त्याच्या दोन बाजू दोन प्रिसिंक्टमध्ये असणं नेहमीचंच आहे. घर बदलायचा बेत असेल, तर जुन्या पत्त्यावरून अर्ज भरू नका.

मराठी माणसाची गाडी अडते ती नावापाशी. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, नागरिकत्व घेताना कोणी ते गाळतं, कोणी आडनावाचं स्पेलिंग सुटसुटीत करून घेतं, आणि मतदार यादीत तिसरंच काहीतरी असतं. फॉर्मवर नाव मतदार यादीत आहे तसंच लिहा. मतपत्रिकेवर नाव कसं छापलं जावं यासाठी वेगळी जागा असते. तिथे रोजच्या वापरातलं छोटं नाव हवं असेल, तर ते चालेल का हे काउंटी क्लार्कच्या, म्हणजे अर्ज घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसला आधी फोन करून विचारा. नोटरीचा शिक्का बसल्यावर खाडाखोड करता येत नाही.

गेल्या १० वर्षांत नाव कायदेशीररीत्या बदललं असेल, तर जुनं नाव फॉर्मवर द्यावं लागतं. लग्नामुळे बदललेल्या नावाला यातून सूट आहे. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रात बदललेल्या नावालाही सूट आहे, पण प्रमाणपत्र मिळून अर्जाच्या दिवशी १० वर्षं पूर्ण झालेली असली तरच. चार वर्षांपूर्वी शपथ घेताना ज्यांनी नाव बदललं, त्यांनी हा रकाना रिकामा सोडायचा नाही. प्रतिज्ञापत्रातली चूक किंवा खोटी माहिती उमेदवारी घालवते, आणि मुदत संपल्यावर दुरुस्ती होत नाही.

पदाच्या रकान्यात ‘प्रिसिंक्ट डेलिगेट’, पक्षाच्या रकान्यात पक्षाचं पूर्ण नाव, शहर किंवा टाउनशिप, प्रिसिंक्ट क्रमांक आणि निवडणुकीची तारीख लिहा. तारीख ऑगस्ट प्रायमरीची. नोव्हेंबरची लिहिणारेही असतात. सही घरी करून नेऊ नका, ती नोटरीसमोरच करायची आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवायचं. नोटरी बँकेत मिळतो, क्लार्कच्या ऑफिसातही बहुधा असतो.

मुदत

प्रायमरी सम वर्षी ऑगस्टच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. अर्जाची मुदत त्याआधीच्या तेराव्या मंगळवारी दुपारी ४ वाजता संपते. २०२४ मध्ये प्रायमरी ६ ऑगस्टला होती आणि मुदत ७ मेला संपली. २०२६ मध्ये प्रायमरी ४ ऑगस्टला, म्हणजे मुदत ५ मेपर्यंत.

अर्ज काउंटी क्लार्ककडे जातो. ओकलंडवाल्यांसाठी ते ऑफिस पाँटिॲकमध्ये, टेलिग्राफ रोडवर आहे. टपालाने पाठवलात, तर पाकिटावरचा शिक्का धरत नाहीत. कागद ४ च्या आत ऑफिसात पोचलेला असावा लागतो. शेवटच्या दिवशी तिथे विधिमंडळापासून सगळ्या पदांच्या इच्छुकांची गर्दी असते. फॉर्ममधली चूक दुरुस्त करायला वेळ हवा, म्हणून एप्रिलच्या मध्यालाच जाऊन या. तारीख-वेळेचा शिक्का मारलेली प्रत मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. यादीत नाव चुकलं किंवा राहिलं, तर तेवढाच पुरावा तुमच्या हातात असतो.

किती जागा, किती उमेदवार

प्रत्येक प्रिसिंक्टला किती डेलिगेट द्यायचे हे पक्षाची काउंटी समिती आधीच्या निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात ठरवते. किमान एक तर असतोच. म्हणून एकाच प्रिसिंक्टमध्ये एका पक्षाच्या २ जागा आणि दुसऱ्याच्या ५ असं दिसू शकतं.

मुदत संपली की क्लार्कच्या ऑफिसातून उमेदवारांची यादी मिळवा. जागा ३ आणि नावं २ असतील, तर प्रचाराची गरज नाही. वेळ वाचवा आणि शेजारच्या प्रिसिंक्टमधल्या ओळखीच्या माणसाला मदत करा. जागा २ आणि नावं ४ असतील, तर मात्र चालायला लागा.

प्रचारात लोक सर्वांत मोठी चूक करतात ती वेळेची. ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दारोदार फिरतात. मिशिगनमध्ये आता कोणीही मतदार घरबसल्या मतदान करू शकतो आणि त्या मतपत्रिका प्रायमरीच्या ४० दिवस आधीपासून, म्हणजे जूनच्या शेवटी निघतात. तुम्ही दार वाजवाल तेव्हा मतपत्रिका भरून परत गेलेली असेल. दारोदारचं काम जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संपवा.

दुसरी चूक यादीची. ऑगस्ट प्रायमरीत कोणी कोणत्या पक्षाला मत दिलं हे गुप्त असतं. यादीत फक्त मतदान केलं की नाही एवढंच कळतं. पण अध्यक्षीय प्रायमरीत मतदाराने कोणत्या पक्षाची मतपत्रिका घेतली, त्याची नोंद होते आणि ती मागता येते. आपल्या पक्षाची मतपत्रिका घेतलेले आणि ऑगस्टमध्येही नियमित येणारे, अशी दोन्हींत बसणारी घरं वेगळी काढा. यादी पक्षाच्या काउंटी ऑफिसकडून मिळते. इतक्या खालच्या पातळीवरची लढत अनेकदा काही डझन मतांत आटोपते, त्यामुळे ही घरं पुरेशी होतात. तासाला पंधरा-वीस दारं होतात असं धरून चाला.

हातात द्यायचं कार्ड पोस्टकार्डाएवढं. त्यावर नाव, पक्ष, प्रिसिंक्ट क्रमांक आणि एक सूचना ठळक अक्षरांत: हे पद पक्षाच्या रकान्यात अगदी शेवटी असतं आणि तिथे ‘डेलिगेट टू काउंटी कन्व्हेन्शन’ असं लिहिलेलं असतं. पुष्कळ मतदार गव्हर्नर, काँग्रेस एवढं भरून थांबतात. हेही समजावून सांगा की ऑगस्टच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात, पण मत एकाच रकान्यात द्यायचं. गव्हर्नरला एका पक्षात आणि ओळखीच्या डेलिगेटला दुसऱ्या पक्षात मत दिलं, तर पक्षीय भागातली सगळी मतं बाद. शेजाऱ्याने प्रेमापोटी दिलेलं मत असं वाया जातं.

कार्ड दाराच्या फटीत ठेवा, टपालपेटीत कधीही टाकू नका. बिनतिकिटाचा कागद तिथे टाकणं संघराज्याच्या कायद्याविरुद्ध आहे. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारापासून १०० फुटांच्या आत प्रचार चालत नाही. पक्षाची टोपी, टीशर्टसुद्धा नको.

मुदत हुकली तर

मेची तारीख गेली, तरी वाट बंद होत नाही. नाव हाताने लिहून मत देण्याची, म्हणजे राइट-इनची सोय आहे. त्यासाठी ‘डिक्लरेशन ऑफ इंटेंट’ हा फॉर्म प्रायमरीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत काउंटी क्लार्ककडे द्यायचा. तोही हुकला, तर मतदानाच्या दिवशी आपल्याच प्रिसिंक्टच्या केंद्रावर, रात्री ८ ला मतदान संपण्याआधी देता येतो. फॉर्म न देता नुसतं नाव लिहायला सांगितलंत, तर ती मतं मोजलीच जात नाहीत.

निवडून यायला किमान ३ मतं लागतात. रिकाम्या जागेवर घरातली दोन आणि शेजारचं एक, एवढ्यावर माणूस डेलिगेट होतो. मतदाराने दोन गोष्टी करायच्या: योग्य पक्षाच्या रकान्यातल्या कोऱ्या ओळीवर नाव लिहायचं आणि शेजारचा गोल भरायचा. गोल राहिला, तर यंत्र ते मत पकडत नाही. मराठी नावाचं स्पेलिंग लोक चुकवतात, म्हणून ते छापलेली चिठ्ठी आधीच घरी देऊन ठेवा.

काउंटी अधिवेशन

प्रायमरीनंतर ८ ते २५ दिवसांत काउंटी अधिवेशन भरतं. वेनमध्ये ते अख्ख्या काउंटीचं एक न भरता काँग्रेसच्या मतदारसंघांनुसार भरतं, तेव्हा आपलं कुठे आहे ते आधी विचारा. निकाल लागताच पक्षाच्या काउंटी ऑफिसला स्वतःहून फोन करून ईमेल द्या. निमंत्रण स्पॅममध्ये पडून राहिलं म्हणून अधिवेशन चुकवणारे दर वेळी निघतात.

दारात ओळख पटवून घेणारं टेबल असतं. ओळखपत्र न्या आणि अर्धा तास आधी पोचा. यादीत नाव सापडत नाही असं झालं, तर सभा सुरू होण्याआधी तक्रार नोंदवावी लागते. अधिवेशनाने एकदा डेलिगेटांची यादी मंजूर केली की भांडून उपयोग नसतो. अधिवेशनातल्या मोठ्या मारामाऱ्या बहुतेक याच टप्प्यावर होतात. कोणाला बसायचा हक्क आहे हे ठरवणारा गट पुढचं सगळं ठरवतो.

रिपब्लिकन पक्षात या सभेचं मुख्य काम म्हणजे राज्य अधिवेशनासाठी डेलिगेट आणि पर्यायी डेलिगेट निवडणं. इथे आपल्याकडच्या सहकारी बँकेच्या निवडणुकीसारखी पॅनेलं असतात. छापील नावांची यादी हातात पडते आणि लोक ती उचलून जशीच्या तशी मत देतात. नाव यादीत हवं असेल, तर सभेच्या दिवशी विचारून काही होत नाही. आठवडाभर आधी पॅनेल करणाऱ्याला फोन करा, आपण कोणत्या उमेदवाराच्या बाजूने आहोत ते मोकळेपणाने सांगा. पर्यायी म्हणून नाव मिळालं, तर नाही म्हणू नका. मुख्य डेलिगेट न आल्यावर पर्यायी माणसं क्रमाने वर सरकतात, आणि गळती नेहमीच होते. प्रवास, हॉटेल, नोंदणी सगळं ज्याच्या त्याच्या खिशातून असतं.

डेमोक्रॅटिक पक्षाची रीत निराळी आहे. त्यांच्या राज्य अधिवेशनात किमान ३० दिवस आधी सभासद झालेल्या कोणालाही मत देता येतं. म्हणजे उमेदवार ठरवण्यापुरती डेलिगेटगिरीची गरज नाही, सभासदत्वाची तारीख सांभाळणं महत्त्वाचं. प्रिसिंक्ट डेलिगेटचं वजन तिथे काउंटी पातळीवरच्या कारभारात पडतं.

सभा ‘रॉबर्ट्स रूल्स’ या सभेच्या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे चालते. सगळं पुस्तक पाठ करायची गरज नाही, चार हत्यारं पुरतात. नियम मोडला जातोय असं वाटलं की ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’. काय चाललंय ते कळत नसेल तर ‘पार्लमेंटरी इन्क्वायरी’. हा प्रश्न विचारायला लाजू नका, अर्ध्या सभागृहाला तोच पडलेला असतो. आवाजी मतदानात अध्यक्षांनी ‘हो’वाले जास्त असं जाहीर केलं आणि तुम्हाला शंका आली, तर लगेच ‘डिव्हिजन’ म्हणा. एकट्या सभासदाच्या मागणीवर उभं राहून मतदान घ्यावं लागतं. पण ते त्याच क्षणी, पुढचा विषय निघाल्यावर नाही. आणि चर्चा बंद करायचा प्रस्ताव आला, तर त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात हे ध्यानात ठेवा. साध्या बहुमतावर तोंड बंद करायचा प्रयत्न होतो.

राज्य अधिवेशन आणि पुढची दोन वर्षं

गव्हर्नरच्या निवडणुकीच्या वर्षी दोन्ही पक्ष वसंतातच पाठिंब्याचं, म्हणजे अधिवेशनाचे उमेदवार आधीच पक्के करायचं, अधिवेशन भरवू लागले आहेत. ऑगस्टच्या अधिवेशनात कायदेशीर शिक्कामोर्तब होतं, खरी लढत आधीच होऊन गेलेली असते. रिपब्लिकन पक्षात तिथला हक्क जातो दोन वर्षांपूर्वी निवडून आलेल्या डेलिगेटांकडे. म्हणजे २०२६ च्या वसंतात हक्क २०२४ मध्ये निवडून आलेल्यांचा.

त्या दिवशी शेवटपर्यंत बसायची तयारी ठेवा. एप्रिल २०२२ मध्ये ग्रँड रॅपिड्सच्या रिपब्लिकन अधिवेशनात ॲटर्नी जनरलपदासाठी पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत मिळालं नाही. मॅथ्यू डिपर्नो दुसऱ्या फेरीत टॉम लेनर्ड यांना हरवून पुढे गेले. लांबून आलेली माणसं संध्याकाळी गाडी काढतात आणि निर्णय उरलेल्यांच्या हातात जातो. डबा, पाणी, फोनचा चार्जर बरोबर असू द्या.

कधी कधी या पदाचं वजन अचानक वाढतं. २०२४ मध्ये मिशिगनची अध्यक्षीय प्रायमरी २७ फेब्रुवारीला ठेवली गेली आणि ती रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय नियमांत बसेना. तेव्हा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनाच्या, राज्याच्या वाट्याच्या ५५ डेलिगेटांपैकी फक्त १६ प्रायमरीवर ठरले. उरलेले ३९ ठरले २ मार्चला ग्रँड रॅपिड्सला भरलेल्या सभेत, जिथे मत देणारे होते पक्षाचे प्रिसिंक्ट डेलिगेट. २०२२ मध्ये ज्यांनी तो एक फॉर्म भरला आणि निवडून आले, त्यांना हा अधिकार मिळाला.

नोव्हेंबरचं मतदान झालं की २० दिवसांत काउंटीचे डेलिगेट पुन्हा जमतात आणि कार्यकारिणीचे निम्मे सदस्य निवडतात. उरलेले निम्मे म्हणजे काउंटी आणि विधिमंडळाच्या पदांचे पक्षाचे उमेदवार, जिंकलेले असोत वा हरलेले. ही कार्यकारिणी काउंटीचा अध्यक्ष, सचिव, खजिनदार निवडते. या सभेला उपस्थिती ऑगस्टपेक्षा पुष्कळ कमी असते, थँक्सगिव्हिंग तोंडावर आलेलं असतं. काउंटीच्या कारभारात ज्यांना हात घालायचा आहे त्यांनी हीच सभा चुकवू नये. इथे दहा माणसं एकत्र आली, तर अध्यक्षपदाचा निकाल फिरतो. विषम वर्षाच्या फेब्रुवारीत राज्य पक्षाचा अध्यक्ष निवडायचं अधिवेशन होतं आणि त्यासाठी काउंटीची सभा जानेवारी-फेब्रुवारीत असते. त्याच महिन्यांत भारतवारी ठरवणाऱ्यांनी तिकिटं काढण्यापूर्वी काउंटी ऑफिसकडून तारीख विचारून घ्यावी.